किडीस न जुमानणारे वाण

शेतात कीड दिसली की औषध फवारावयाचे, हा क्रम आता इतका अंगवळणी पडला आहे की पिकाच्या अंगी स्वतःचा बचाव करण्याची काही शक्ती असते, ही गोष्टच आपण विसरू लागलो आहोत. वस्तुतः वनस्पती आणि त्यांवर जगणारे कीटक ह्यांचे वैर कोट्यवधी वर्षांचे आहे. ह्या काळात ज्या वनस्पती टिकून राहिल्या त्या काही फवारणीच्या आधाराने टिकल्या नाहीत. पानांवरील लव, खोडातील सिलिका, रसातील कडू व विषारी द्रव्ये, जखम होताच तेथील पेशी कोरड्या पाडण्याची हातोटी, अशी नाना प्रकारची हत्यारे त्यांच्यापाशी होती. पुढे मनुष्याने त्यांपैकी काहींना आपल्या शेतात आणले आणि दाणा टपोरा, फळ गोड, पीक भरघोस असे पाहून पिढ्यान्‌पिढ्या निवड चालविली. ह्या निवडीत ती जुनी हत्यारे पुष्कळदा गळून पडली. सर्वच पिकांत मात्र ती नाहीशी झाली नाहीत; एकाच पिकाच्या शंभर वाणांची शेजारी शेजारी पेरणी केली, तर कीड सगळ्यांवर सारख्याच प्रमाणात पडत नाही, असे दिसून येते. काही वाण पार खलास होतात, काही तग धरतात, आणि क्वचित एखादा असा निघतो की किडीने त्याकडे ढुंकूनही पाहिलेले नसते. ह्या फरकाचा उपयोग करून घेणे, हा प्रस्तुत पुस्तिकेचा विषय होय.

हा विषय केवळ अभ्यासकांच्या कुतूहलाचा आहे असे कोणी समजू नये. इ. स. २०१७ च्या पावसाळ्यात विदर्भातील यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. पाठीवर पंप घेऊन, डोक्याइतक्या उंच वाढलेल्या कपाशीतून वाट काढीत जाणाऱ्या मजुराच्या अंगावर फवाऱ्याचे किती औषध पडत असेल, ह्याची कल्पना शेत पाहिलेल्या कोणासही करता येईल. जी फवारणी करावीच लागली नाही, तिच्यापासून कोणालाही विषबाधा होत नाही. वाणाची निवड ही बियाणे विकत घेतानाच होते. तिला निराळी मजुरी पडत नाही की निराळे पाणी लागत नाही.

असे वाण असतात हे पूर्वीच्या लोकांच्याही ध्यानात आले होते. इंग्लंडमध्ये १८३१ साली लिंडली नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने 'विंटर मॅजेटिन' ह्या सफरचंदाच्या जातीवर लोकरी मावा पडत नाही, अशी नोंद करून ठेविली आहे. परंतु ह्या विद्येचा खरा डंका वाजला तो फ्रान्समधील द्राक्षमळ्यांत. १८६० नंतरच्या दशकात अमेरिकेतून आलेल्या फायलॉक्सेरा नामक सूक्ष्म किडीने तेथील द्राक्षवेलींच्या मुळांवर हल्ला चढविला आणि बघता बघता मळेच्या मळे वाळून गेले. कीड जमिनीखाली, त्यामुळे वरून केलेल्या उपायांस फारसे यश आले नाही. शेवटी उपाय सापडला तो किडीच्याच माहेरी. अमेरिकेतील रानटी द्राक्षवेली ह्या किडीबरोबरच वाढलेल्या होत्या. त्यांच्या मुळांना तिचा चावा सोसत असे. तेव्हा खुंट अमेरिकन वेलीचा आणि त्यावर कलम फ्रेंच द्राक्षाचे, अशी जोडणी करण्यात आली. आज दीडशे वर्षे होत आली तरी युरोपातील बहुतेक द्राक्षमळे अशाच खुंटांवर उभे आहेत. कॅलिफोर्नियात मात्र ए. एक्स. आर. १ नावाचा खुंट लोकप्रिय झाला होता, त्याचा एक जनक युरोपीय द्राक्षाचा होता. १९८० नंतरच्या दशकात तेथे तो फायलॉक्सेरास बळी पडला आणि हजारो एकर वेली उपटून टाकाव्या लागल्या. हा अर्धामुर्धा खुंट भरवशाचा नव्हे, अशी सूचना युरोपातून पूर्वीच मिळालेली होती. पण त्याचे उत्पन्न चांगले म्हणून लोक तिकडे काणाडोळा करीत राहिले.

ह्या विषयाला शास्त्राचे रूप दिले ते अमेरिकेतील कॅन्सस राज्याचे कीटकशास्त्रज्ञ रेजिनाल्ड पेंटर ह्यांनी. त्यांचा ग्रंथ १९५१ साली प्रसिद्ध झाला. वनस्पतींचा प्रतिकार तीन प्रकारांनी घडतो, असे त्यांनी मांडले. पहिला प्रकार म्हणजे नावड : कीटकास ते झाड अंडी घालण्यास, चरण्यास वा आसऱ्यास पसंत पडत नाही. दुसऱ्या प्रकारात कीटक झाडावर येतो, खातोही. पण ते अन्न त्याला बाधते. त्याची पिल्ले मरतात, वाढ खुंटते किंवा अंडी कमी होतात. ह्या दुसऱ्या प्रकाराला मराठीत सर्वमान्य नाव नाही; येथे 'अपायकता' हा शब्द योजिला आहे, वाचकांस अधिक चांगला सुचल्यास त्यांनी तो अवश्य वापरावा. तिसरा प्रकार सहनशीलता : कीड तेवढीच पडते, पण झाड नवे फुटवे फोडून, नवी पाने काढून नुकसान भरून काढते. आणखी एका शब्दाविषयी येथेच खुलासा करणे बरे. 'प्रतिकार' हा एकच शब्द आपण दोन ठिकाणी वापरतो. पीक किडीचा प्रतिकार करते तेव्हा ती आनंदाची गोष्ट असते; कीड औषधाचा प्रतिकार करू लागते तेव्हा ती संकटाची वार्ता असते. ह्या पुस्तिकेत 'प्रतिकारक्षम' हे विशेषण केवळ पिकाच्या वाणासच लाविले आहे.

नावडीचे एक सुंदर उदाहरण आपल्याकडील ज्वारीत सापडते. ज्वारीच्या कोवळ्या रोपावर खोडमाशी पडते. ही माशी घरमाशीहून लहान असून ती रोपाच्या पानाच्या खालच्या बाजूस, मधल्या शिरेला समांतर, पांढरे लांबट अंडे घालते. दोनतीन दिवसांत अंडे फुटून अळी बाहेर येते आणि पानावरून सरपटत पोंग्यात शिरते. आत गेल्यावर ती वाढीचा कोंब कुरतडते. कोंब सडू लागतो, मधले पान पिवळे पडून वाळते आणि ओढले असता सहज हाती येते. ह्यालाच शेतकरी पोंगेमर म्हणतात. ह्या माशीचा धोका पहिल्या महिन्याभरातच असतो. एकदा अळी पोंग्यात शिरली की वरून मारलेले औषध तिच्यापर्यंत पोहोचणे कठीण. म्हणून पेरणीच्या वेळीच सरीत दाणेदार कीटकनाशक टाकावे किंवा बियाण्यास औषध चोळावे, असा सल्ला देण्यात येई. पण कोरडवाहू ज्वारीच्या पिकाला किती खर्च परवडतो, हे सोलापूरकडील शेतकऱ्यास विचारून पाहावे.

त्याच भागाने ह्या प्रश्नाचे उत्तरही दिलेले आहे. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथील संशोधन केंद्रावर विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवड करून 'एम. ३५-१' हा वाण काढण्यात आला. रब्बी हंगामात तो आजही मोठ्या क्षेत्रावर पेरला जातो. भाकरीची चव आणि कडब्याची प्रत ही त्याच्या लोकप्रियतेची मुख्य कारणे असली, तरी खोडमाशीला तो बऱ्यापैकी तोंड देतो हेही एक कारण आहे. रब्बीच्या अशा वाणांची रोपे बारकाईने पाहिली तर त्यांची पाने तुकतुकीत, उभट व अरुंद दिसतात, आणि भिंगाखाली पानाच्या खालच्या अंगास बारीक लव आढळते. तुकतुकीत पान माशीला आकर्षक वाटत नाही. लवेमुळे अंडी घालण्यास आणि अळीस पुढे सरकण्यास अडचण होते. हैदराबादजवळील पाटणचेरू येथे १९७२ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संस्थेत ह्याचा पुष्कळ अभ्यास झाला आणि त्यातून आणखी एक गंमत उघडकीस आली. अळीला पोंग्यापर्यंत जाण्यास ओलावा लागतो. ज्या वाणांवर माशी फार पडते, त्यांच्या पोंग्यातील पानावर पहाटे पाण्याचे सूक्ष्म थेंब जमलेले असतात. ते बाहेरचे दव नसून बव्हंशी रोपाच्याच आतून आलेले पाणी असते. प्रतिकारक्षम वाणांत ही ओल कमी. बिचाऱ्या अळीची वाटच कोरडी पडते.

आता ह्याची दुसरी बाजू. १९६४ साली 'सी.एस.एच. १' हा ज्वारीचा पहिला संकरित वाण भारतात प्रसृत झाला. उत्पन्नाच्या दृष्टीने ती मोठीच मजल होती. परंतु खोडमाशीपुढे तो आणि त्यामागून आलेले अनेक संकरित वाण दुबळे ठरले, आणि पेरणीस थोडा उशीर झाला की पोंगेमर शेतभर दिसू लागली. ह्यावरून संकरित वाण वाईट असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. निवड करणाऱ्यांनी तेव्हा उत्पन्नावर नजर ठेविली होती, माशीवर नव्हे, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय मालदांडीचा प्रतिकारही मध्यमच आहे. रब्बीची पेरणी फार लवकर केली तर तिच्यावरही माशी येते. खरिपात उलट, पाऊस सुरू होताच आठदहा दिवसांत पेरलेले पीक माशीची संख्या वाढण्यापूर्वीच निभावून जाते. वाण आणि पेरणीची वेळ ह्यांचा विचार एकत्रच करावयास हवा.

भाताची कथा ह्याहून नाट्यमय आहे. भातावरील तपकिरी तुडतुडा हा जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा कीटक. तो पाण्यालगत, चुडाच्या बुंध्याशी बसून रस शोषतो. संख्या वाढली की शेतात गोल गोल चकत्या पिवळ्या पडतात, मग तपकिरी होऊन आग लागल्यासारख्या करपतात. उष्ण प्रदेशात हा कीटक पूर्वी किरकोळ समजला जाई. १९६६ साली फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने 'आय.आर. ८' हा बुटका वाण दिला. त्याच्या मागोमाग दाट लागवड, भरपूर नत्र, वर्षातून दोन-दोन पिके आणि नियमित फवारण्या आल्या, आणि हा किरकोळ कीटक आशिया खंडाची डोकेदुखी होऊन बसला. केरळातील कुट्टनाड भागात १९७३-७४ साली त्याने हाहाकार उडविला.

प्रतिकारक्षम वाणाचा शोध संस्थेत त्याआधीच सुरू झाला होता. तपासणीची रीत सोपी असून ती शाळेच्या प्रयोगशाळेतही समजण्याजोगी आहे. उथळ ट्रेमध्ये एकेका वाणाची एकेक ओळ पेरतात. मध्ये एक ओळ 'ताइचुंग नेटिव्ह १' ह्या अत्यंत दुबळ्या वाणाची असते. रोपे साधारण आठवड्याची झाली की प्रत्येक रोपामागे आठदहा याप्रमाणे तुडतुड्यांची पिल्ले त्यांवर सोडतात. दुबळ्या वाणाची ओळ जवळजवळ सगळी मेली की इतर ओळी पाहून त्यांना शून्यापासून नवापर्यंत गुण द्यावयाचे. शून्य म्हणजे रोप धडधाकट, नऊ म्हणजे रोप मृत. अशा तपासणीत डॉ. एम. डी. पाठक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना भारतातील 'मुडगो' हा जुना वाण हिरवागार उभा राहिलेला आढळला. मुडगोवर ठेवलेले तुडतुडे सोंड खुपसत, पण पोटभर रस घेत नसत. पिल्ले मोठी होत नसत आणि माद्यांच्या अंडाशयात अंडी नीट तयार होत नसत. वर सांगितलेल्या अपायकतेचा हा नमुनाच. १९७१ साली डॉ. दिलबागसिंग अठवाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की मुडगोचा हा गुण एकाच प्रभावी जनुकावर अवलंबून आहे, आणि तामिळनाडूतील 'ए.एस.डी. ७' ह्या वाणात दुसरे, अप्रभावी जनुक आहे.

एकच जनुक म्हणजे पैदासकाराचे काम हलके. १९७३ साली मुडगोच्या जनुकाचा 'आय.आर. २६' हा वाण बाहेर पडला आणि फिलिपाईन्स, इंडोनेशिया, व्हिएतनाम येथे झपाट्याने पसरला. दोनतीन वर्षे तुडतुडा जणू नाहीसा झाला. मग तो पुन्हा आला, आणि आला तो ह्याच वाणावर. झाले ते असे : कोट्यवधी तुडतुड्यांत मुडगोचा रस पचविणारे थोडे पहिल्यापासूनच होते. इतर सर्व उपाशी मेल्यावर मैदान त्यांनाच मोकळे मिळाले, आणि मैलोगणती एकाच वाणाचे शेत पसरलेले असल्याने त्यांच्या संततीला अन्नाची वाण पडली नाही. अशा नव्या वंशाला कीटकशास्त्रज्ञ जैवप्रकार म्हणतात. त्यावर उतारा म्हणून १९७६ साली दुसऱ्या जनुकाचा 'आय.आर. ३६' आला. डॉ. गुरुदेव खुश ह्यांच्या ह्या वाणात सहा देशांतील तेरा वाणांचे आणि उत्तर प्रदेशातील एका रानटी भाताचे रक्त होते. हा रानटी भात सहा हजारांहून अधिक नमुन्यांतून, तुडतुड्यामुळे पसरणाऱ्या एका विषाणुरोगाच्या प्रतिकारासाठी हुडकलेला होता. 'आय.आर. ३६' सुमारे एकशे दहा दिवसांत तयार होई आणि एके काळी तो जगात एक कोटीहून अधिक हेक्टरांवर होता. काही वर्षांनी सुमात्रा व मिंदानाव बेटांच्या काही भागांत त्याच्यावरही मात करणारे तुडतुडे निघाले.

येथे एक चमत्कारिक गोष्ट सांगावयास हवी. मुडगो वाण भारतातला खरा. पण भारत व श्रीलंका येथील तुडतुड्यांवर मुडगोचे अथवा 'ए.एस.डी. ७' चे जनुक चालत नाही. आपल्याकडचे तुडतुडे आधीपासूनच त्या रसाला सरावलेले असावेत. येथे उपयोगी पडले ते केरळातील पट्टांबीचे 'पी.टी.बी. ३३' आणि श्रीलंकेचे 'रथू हीनाटी' हे वाण, ज्यांत एकाहून अधिक जनुके एकत्र नांदतात. म्हणजे 'तुडतुड्यास प्रतिकारक्षम' एवढी चिठ्ठी पोत्यावर असून भागत नाही. कोठल्या तुडतुड्यास, हा प्रश्न उरतोच. १९८५ साली आलेल्या 'आय.आर. ६४' ह्या वाणात मुडगोचेच जनुक आहे, तरी तो 'आय.आर. २६' पेक्षा पुष्कळ काळ टिकला. कारण त्याच्या जोडीला थोडाथोडा हातभार लावणारी इतर अनेक जनुके त्यात आहेत. ती तुडतुड्याला एकदम मारीत नाहीत, नुसती त्याची वाढ मंदावतात. एका घावात दोन तुकडे करणारा प्रतिकार लवकर बोथट होतो आणि रेंगाळत लढणारा दीर्घकाळ पुरतो, असे पुष्कळदा आढळले आहे.

ही मंद गती आणखी एका कारणाने मोलाची ठरते. भाताच्या खाचरात कोळी असतात, तुडतुड्यांची अंडी शोषणारे हिरवट ढेकूण असतात, पाण्यावर धावणारे शिकारी कीटक असतात. तुडतुडे सावकाश वाढले तर ह्या मंडळींना त्यांचा समाचार घ्यावयास अवधी मिळतो. फवारणी केल्यावर काय घडते? तुडतुड्याची अंडी पानाच्या आवरणात खुपसलेली असल्याने ती सुरक्षित राहतात. उघड्यावर वावरणारे कोळी मात्र मरतात. काही दिवसांनी अंडी फुटतात तेव्हा शेतात शत्रू कोणी उरलेला नसतो. औषध मारले आणि कीड वाढली, अशी तक्रार शेतकरी करतो तेव्हा ती नेहमीच भेसळीमुळे असते असे नाही. इंडोनेशियाच्या सरकारने हे ओळखून १९८६ साली राष्ट्राध्यक्षांच्या हुकुमाने सत्तावन्न कीटकनाशके भातावर वापरण्यास मनाई केली व पुढील दोनतीन वर्षांत औषधांवरील सरकारी मदतही काढून घेतली. प्रतिकारक्षम वाण आणि शेतातील कोळी ह्या दोहोंवर भिस्त ठेवूनही त्या देशाचे भाताचे उत्पादन घटले नाही.

कपाशीकडे वळल्यावर निराळाच पेच समोर येतो. दक्षिण आफ्रिकेतील बार्बर्टन येथे १९२० नंतरच्या दशकात तुडतुड्यांमुळे कापूस पिकविणेच अशक्य झाले होते. तेथे पार्नेल नावाच्या पैदासकाराने लवदार पानांची झाडे निवडून 'यू. ४' हा वाण सिद्ध केला आणि कापूस पुन्हा उभा राहिला. कपाशीचा तुडतुडा पानाच्या खालून रस शोषतो आणि शिरांत अंडी घालतो. दाट व लांब लवेत त्याची सोंड पानापर्यंत पोहोचत नाही. मात्र तीच लव बोंडअळीच्या पतंगाला अंडी चिकटविण्यास सोयीची असते आणि पांढऱ्या माशीलाही ती मानवते. पान गुळगुळीत केले तर पतंग कमी, पण तुडतुडे मोकाट. एका किडीवरचा उपाय दुसरीस आमंत्रण ठरतो तेव्हा आपल्या भागात खरी वैरीण कोणती, हे ठरवूनच वाण घ्यावा लागतो. आपल्याकडील देशी कपाशी रस शोषणाऱ्या किडींना पूर्वापार चांगले तोंड देत आली आहे. तिचा धागा आखूड म्हणून गिरण्यांनी तिच्याकडे पाठ फिरविली.

२००२ साली भारतात बी.टी. कपाशीस परवानगी मिळाली. हिच्यातील प्रतिकार कपाशीचा स्वतःचा नसून एका जिवाणूच्या जनुकाचा आहे. तथापि तत्त्व अपायकतेचेच. आरंभीची काही वर्षे बोंडअळीवरील फवारण्या खरोखरच कमी झाल्या. परंतु बाजारात आलेल्या पुष्कळ संकरित वाणांची पाने तुडतुड्यांना मानवणारी होती, तेव्हा फवारणीचा रोख अळीवरून रस शोषणाऱ्या किडींकडे वळला. पुढे गुलाबी बोंडअळीने दोन जनुकांच्या वाणांवरही मात केली; २०१७ साली महाराष्ट्रात तिचा मोठाच उद्रेक झाला. 'आय.आर. २६' ची हकिकत ज्याने वाचली असेल त्याला ह्यात नवल वाटणार नाही.

मग शेतकऱ्याने बियाणे घेताना पाहावे काय? प्रथम आपल्या तालुक्यात दरसाल नुकसान करणारी कीड कोणती हे ठरवावे. सर्व किडींना पुरून उरणारा वाण अद्याप कोठेही जन्मलेला नाही. कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत 'मध्यम प्रतिकारक्षम' असा शब्द दिसला तर नाक मुरडू नये. त्याचा अर्थ एवढाच की फवारणीचा निर्णय शेत पाहून, किडी मोजून घ्यावयाचा आहे आणि बहुधा एखाददुसरी फवारणी वाचणार आहे. सगळ्या गावाने एकच वाण लावणे टाळावे. आणि वाण जुना झाला की त्याच्यावर कीड वाढते आहे काय, इकडे लक्ष असावे.

हे शेवटचे काम एकट्या शेतकऱ्याने करावयाचे नाही. १९६५ पासून चालू असलेल्या अखिल भारतीय भात प्रकल्पात ठरावीक वाणांचा एक संच देशातील निरनिराळ्या केंद्रांवर पेरला जातो. विदर्भ, छत्तीसगड, ओरिसा, आंध्र ह्या भागांत भाताच्या फुटव्याचा कांद्याच्या पातीसारखा चंदेरी पोंगा करणाऱ्या गादमाशीसाठी ह्या संचाचा विशेष उपयोग होतो. आंध्रातील 'ईश्वरकोरा' ह्या जुन्या वाणापासून वारंगळ येथे काढलेला 'डब्ल्यू. १२६३' एका केंद्रावर स्वच्छ उभा राहतो आणि दुसऱ्या केंद्रावर चंदेरी पोंग्यांनी भरून जातो. 'फाल्गुना' पुष्कळ वर्षे निर्धोक होता, तो श्रीकाकुळम जिल्ह्यात पडू लागला, तेव्हा तेथे नवा जैवप्रकार अवतरल्याचे कळले. गादमाशीचे असे सात जैवप्रकार आजवर देशात नोंदले गेले आहेत.